अडकलेलं चित्र

१

दुपारचं जेवण झालं, ताट धुऊन पालथं घातलं, की ऑपरेटर आतल्या खोलीत येत आणि लॅपटॉप उघडत. ते उघडणंही साधं नव्हतं. बिजागरी एका बाजूने ढिली झालेली, त्यामुळे आजारी माणसाला उठवून बसवावं तसं झाकण दोन्ही हातांनी उचलावं लागे. बॅटरी केव्हाच मेली होती; भिंतीतल्या सॉकेटमध्ये वायर खोचलेली असेल तोवरच त्याच्यात जीव. जावयाने नवा लॅपटॉप घेतला तेव्हा "बाबांना बोलण्यापुरता पुष्कळ झाला" म्हणून हा इकडे आला होता.

ऑपरेटर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. उभा जन्म त्यांनी थिएटरच्या केबिनमध्ये सिनेमाची रिळं फिरवण्यात घालवला. पुढे थिएटर पाडलं, त्या जागी मोठं दुकान झालं, पण गल्लीने दिलेलं नाव तेवढं टिकलं.

लॅपटॉपवर मनी दिसे. मनी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. लांबच्या शहरात, तिसऱ्या मजल्यावर, भाड्याच्या घरात राहायची. नवरा बोटीवर नोकरीला, आणि हिचे दिवस भरत आलेले. डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला साफ नकार दिला होता. आई असती तर केव्हाच पिशवी भरून तिकडे गेली असती. पण आई नव्हती. "मी येऊन काय करणार? मला त्यातलं काय कळतं?" असं म्हणत ऑपरेटर जाणं पुढे ढकलत होते. खरी गोष्ट एवढीच, की दुसऱ्याच्या घरात पाय पसरून बसायचा त्यांना संकोच वाटे.

पण मनीला एकटीला भीती वाटायची. म्हणून दोघांनी मधला मार्ग काढला. दुपारभर दोन्हीकडचे लॅपटॉप चालू ठेवायचे. बोललंच पाहिजे असं काही नाही. ती तिच्या स्वयंपाकघरात काम करायची, हे इकडे बसायचे. नुसती सोबत.

"झोपलात की काय?"

"नाही गं. बघतोय."

"काय बघताय?"

"भांडी पुसतेयस ते."

"मग तिकीट काढा," असं म्हणून ती पाठमोरीच हसे.

एकच खोड होती. इंटरनेटचा डबा पुढच्या खोलीत खिडकीशी होता आणि मध्ये जाड भिंत. चांगलं चालता चालता लॅपटॉपला काय व्हायचं कोण जाणे, कोपऱ्यातल्या खुणेवर पिवळा त्रिकोण यायचा आणि चित्र जागच्या जागी थिजायचं. मग ऑपरेटर उठत, डब्याचं बटण बंद करत, थोडं थांबून चालू करत, हिरवे दिवे लुकलुकायला लागले की परत येऊन बसत. तोवर मनी त्यांच्यासमोर असायची, पण पुतळ्यासारखी.

२

ऑपरेटरांना एक सवय होती. कुठलंही चित्र समोर आलं की त्यांची नजर उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात जायची. रीळ संपत आलं की सिनेमाच्या त्या कोपऱ्यात एक काळा ठिपका उमटतो. पहिला ठिपका दिसला की दुसरं मशीन सुरू करायचं, दुसरा दिसला की चित्र तिकडे द्यायचं. खाली हजार माणसं नायक-नायिकेला बघत असताना हे कोपरा बघत बसलेले. त्यांनी सिनेमे किती दाखवले याला गणती नाही, पण एकाचीही गोष्ट त्यांना धड सांगता आली नसती.

म्हणून ते त्यांनाच दिसलं.

चित्र अडकलं होतं. मनी ओट्याशी उभी, एका हातात पुसलेलं पातेलं, दुसऱ्या हातातला फडका वर उचललेला. तिच्या मागे जेवायचं टेबल, त्याच्याखाली नीट सरकवलेली खुर्ची. आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात एक दार. दाराची फट रुंद होत होती.

ऑपरेटरांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. मनीचा फडका तसाच हवेत. पातेल्यावर पडलेली उजेडाची तिरीप तशीच. फक्त ते दार सावकाश, आवाज होऊ नये म्हणून कुणी जपून उघडावं तसं, आत ओढलं जात होतं.

मग चित्र एकदम सुटलं. फडका खाली आला, पातेलं फळीवर गेलं.

"बाबा? गेला होतात का पुन्हा?"

"मागचं दार उघडं राहिलंय का तुझं?"

"बाहेरचं? नाही, कडी लावलीय. का?"

"हललं असं वाटलं."

"तुमच्या नेटला आता भुताटकी झालीय. आधी तो लॅपटॉप कुणाला तरी दाखवा."

ते हसले. डोळ्यांत मोतीबिंदू वाढत असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या वेळी मात्र मोतीबिंदूचं नाव घेता आलं नाही. मनी खुर्चीवर बसून पाय चोळत होती आणि तशीच थिजली. दार हातभर उघडलं. आत काळोख होता. त्या काळोखाच्या कडेला, दाराच्या लाकडावर, खालच्या अंगाला काहीतरी एका ओळीत होतं. बोटं असावीत. निदान बोटांसारखी एका ओळीत होती. पण माणूस दाराला हात लावतो तो छातीच्या उंचीवर. हे पार खाली, जमिनीलगत होतं.

ऑपरेटर धावत पुढच्या खोलीत गेले आणि डब्याचं बटण दाबलं. परत आले तेव्हा मनी पाय चोळत होती आणि सगळं जिथल्या तिथे होतं.

३

दुरुस्तीवालीचं दुकान कोपऱ्यावरच्या जिन्याखाली होतं. पन्नाशीची, जाड भिंगांची, तोंडाचा पट्टा सुटलेली बाई. ऑपरेटरांचा दुखरा गुडघा बघून तीच घरी आली आणि लॅपटॉपकडे बघून तिने कपाळावर हात मारला.

"काका, याच्यासाठी मला कशाला बोलावलंत? याला आता शांतपणे जाऊ द्यावं."

"जाऊ देऊ. नातवंड झालं की जाऊ देऊ."

"बरं, तोवर ढकलू त्याला."

तिने काय काय करून पाहिलं. लॅपटॉपला आधी घरचं नेटवर्क विसरायला लावलं आणि पासवर्ड नव्याने घातला. वीज वाचवण्यासाठी तो मध्येच वायफाय झोपवत होता, ती सोय बंद केली. शेवटी झाकणाची कड उचकटून बिजागरीत डोकावली.

"हे बघा. अँटेनाची तार इथून वर जाते. उघडझाक करून बिजागरीत पार चेचलीय. एखादा धागा शाबूत असेल तर असेल. इतके दिवस धरत होता हेच नवल!"

"एक विचारू का?" ऑपरेटर सावकाश म्हणाले. "चित्र अडकलं तर सगळंच अडकायला हवं ना? एखादाच तुकडा हलेल का?"

"हलेल की. तुमच्या सिनेमासारखं नसतं हे. यात दर वेळी अख्खं चित्र येत नाही. जेवढं हललं तेवढाच तुकडा येतो. लाइन पडली की एखादा तुकडा येतो, बाकीचे वाटेत गळतात." तिने त्यांच्याकडे पाहिलं. "का? काय हलत होतं?"

"दार."

"वाऱ्याने हललं असेल. तेवढंच हललं, तेवढंच आलं."

ऑपरेटरांना एकदम हलकं वाटलं. सरळ साधी गोष्ट होती आणि आपण काय काय मनात आणत बसलो.

"तुमच्या वेळी अडकायचं का हो?" स्क्रू घट्ट करता करता तिने विचारलं.

"अडकायचं तर. पण आम्ही बघत बसायचो नाही. हाताशी एक झाकण असायचं, ते आधी पाडायचं. मागे दिवा केवढा तापलेला असायचा! रीळ पळत असतं म्हणून वाचतं. अडकलं की तिथेच जळायला लागतं. पडद्यावर आधी तपकिरी डाग दिसतो, मग भोक पडतं, मग ते भोक मोठं होत जातं. अडकलेल्या चित्रात तेवढी एकच गोष्ट हलते."

"आणि तुम्ही बघत राहिलात तर?"

"तर मग चित्र राहत नाही. माझे उस्ताद म्हणायचे, अडकलं की अक्कल नको चालवू, हात चालव."

"माझ्या नवऱ्याला भेटवायला हवे होते तुमचे उस्ताद," दुरुस्तीवाली म्हणाली. तिने लॅपटॉपच्या कडेला नखाएवढा वायफायचा एक तुकडा खोचला. त्यात निळा दिवा लुकलुकू लागला. "हा आता बाहेरून नेट धरेल. आतलं जुनंही चालू ठेवलंय, हा निघालाच कधी तर ते धरेल कसंबसं. पण हा काढूच नका. आता अडकणार नाही."

४

आणि खरंच अडकेना.

चित्र असं स्वच्छ येऊ लागलं, की मनीच्या मनगटावरचा लहानपणचा भाजल्याचा डाग दिसे. पिवळा त्रिकोण गेला. पुढच्या खोलीत जायच्या फेऱ्या संपल्या. मनी भांडी पुसे, बाळाची दुपटी घडी करून ठेवी, मध्येच थांबून पोटावर हात ठेवी आणि म्हणे, "लाथ मारली बघा. तुमच्यासारखाच शांत आहे म्हणतात, कसला शांत!"

ऑपरेटरांची नजर सवयीने कोपऱ्यात जाई. तिथे भिंत होती.

भिंतीवर एक फळी, फळीवर डबे. दोन दिवस त्यांनी काही विचारलं नाही. आपण दुसरीच बाजू बघत असू, लॅपटॉप फिरवून ठेवला असेल. पण टेबल तेच, ओटा तोच, खुर्ची तिच्या जागी.

"मने, तिथलं दार कुठे गेलं गं?"

"कुठलं दार?"

"त्या फळीशी. डब्यांच्या तिथे."

"तिथे कुठे दार बाबा? बाहेरची भिंत आहे ती. पलीकडे नुसती हवा. दार असतं तर उघडून माणूस थेट रस्त्यावर!" तिने लॅपटॉप उचलला, हिंदकळत भिंतीपाशी नेला आणि भिंतीवर टकटक केली. आवाज भरीव आला. "झालं समाधान?"

"झालं."

समाधान झालं नव्हतं. ऑपरेटर बरेच दिवस ती गोष्ट मनात उलटसुलट करत राहिले. वाऱ्याने दार हललं, हे पटलं होतं. पण नसलेलं दार कुठल्या वाऱ्याने हलणार? डोळ्यांचा दोष म्हणावं, तर दोष चांगल्या चित्रातही दिसायला हवा. जुन्या मशीनमध्ये कुणाच्या तरी घराचा तुकडा आपल्या चित्रात मिसळला असेल, असंही त्यांनी ठरवून पाहिलं. ते जवळजवळ पटलंही.

फक्त एक गोष्ट आत कुठेतरी टोचत राहिली. आपल्याला पहाऱ्याला बसवलंय. ते दार जुन्या चित्रात होतं. नव्या चित्रात ते दिसत नाही, म्हणजे ते गेलं, असं कशावरून? आपल्याला दिसायचं बंद झालं, एवढंच खरं. लेक तिथे एकटी, अवघडलेली, आणि आपण इथे स्वच्छ चित्र बघत निवांत बसलोय. पहारेकऱ्याने डोळ्यांवर पट्टी बांधून घ्यावी, तसं.

निळा दिवा लुकलुकत होता. ऑपरेटर त्याच्याकडे बघत आणि मान वळवत.

५

त्या दुपारी मनी ओट्याशी पाठमोरी उभी होती. नळ चालू होता. काहीतरी गुणगुणत होती. खुर्ची टेबलाखाली सरकवलेली होती.

एकदाच बघू, असं त्यांनी ठरवलं. बघायचं आणि लगेच लावायचं. त्यांनी तो नखाएवढा तुकडा चिमटीत धरला आणि काढला.

निळा दिवा गेला. नळाचा आवाज तुटला. चित्र काळं झालं, मग एक चक्र फिरत राहिलं, आणि मग जुन्या तारेने कसंबसं धरलं तसं चित्र आलं आणि लगेच थिजलं. मनी पाठमोरी, मान किंचित कलती, नळाची धार काचेच्या कांडीसारखी ताठ.

कोपऱ्यात दार होतं. सताड उघडं.

ऑपरेटर पुढे वाकले. त्या खालच्या अंगाच्या ओळीवर त्यांनी नजर लावली. तिथे काही नव्हतं. उंबऱ्यावर काही नव्हतं. दारात कुणीच नव्हतं. आतला काळोखही, खोलीतली माणसं उठून गेल्यावर खोली दिसते, तसा रिकामा दिसत होता.

एखाद्याला वाटलं असतं, बरं झालं. त्यांनाही क्षणभर वाटलं. मग त्यांच्या मनात आलं, दार रिकामं आहे, म्हणजे जे होतं ते कुठे आहे?

कोपरा सोडून चित्राचा बाकीचा भाग बघायची त्यांना सवय नव्हती. शिकाऊ माणसासारखे ते बोटाने काचेवर जागा लावत गेले. फळी. डबे. ओटा. मनीची पाठ, तिची सुटलेली वेणी. टेबल.

टेबलाखालची खुर्ची बाहेर सरकत होती. इतकी सावकाश, की आधी ती बाहेरच होती असं वाटावं. ती थांबली तेव्हा टेबल आणि खुर्ची यांच्यात एक माणूस बसेल एवढी जागा झाली होती.

आणि तेव्हा, म्हाताऱ्याच्या डोक्यात एखादी जुनी गोष्ट उशिरा यावी तशी, त्यांना आपलंच बोलणं आठवलं. अडकलेल्या चित्रात तेवढी एकच गोष्ट हलते. बघत राहिलं की मोठी होत जाते. दार जेव्हा जेव्हा उघडलं होतं, तेव्हा चित्र अडकलेलं होतं. दुरुस्तीवालीने तुकडा लावला तेव्हापासून ते उघडायचं थांबलं होतं. आज चित्र कुणी अडकवलं?

उभ्या जन्मात जे केलं नाही, ते करून ते बसले होते. चित्र अडकलं आणि ते बघत राहिले.

तुकडा खाचेत बसेना. उलटा धरला होता. सुलटा केला तर निसटून मांडीवर पडला. कुठेही न बघता, फक्त बोटांनी चाचपून, त्यांनी तो अखेर आत दाबला. निळा दिवा लागला.

नळाचा आवाज आला. मनी वळली.

"बाबा, कुठे गेला होतात? मी एकटीच बडबडतेय केव्हाची."

कोपऱ्यात भिंत होती. फळी होती. फळीवर डबे होते. दार नव्हतं.

म्हणजे परत जायलाही दार नव्हतं.

६

मनीने धुतलेल्या बशा उचलल्या आणि कपाटाकडे निघाली. कपाट टेबलाच्या पलीकडे. ती सरळ गेली असती तरी चाललं असतं, खुर्ची रिकामी होती. पण टेबलाशी आल्यावर ती थांबली, अंग चोरलं, पोटावर हात आडवा धरला आणि बसलेल्या माणसाच्या गुडघ्यांना धक्का लागू नये म्हणून आपण जातो, तशी कडेकडेने गेली. बशा ठेवून परत येताना तशीच आली. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. घरातल्या वावरण्याकडे कुणाचं लक्ष असतं?

"मने," ऑपरेटर म्हणाले, "ती खुर्ची आत सरकव. अडखळशील."

तिने खुर्चीकडे पाहिलं. हात पुढे केला आणि अर्ध्यावर थांबवला.

"असू दे ना बाबा."

"का गं?"

"असू दे. असंच." ती जरा गोंधळल्यासारखी हसली. "बरी दिसते तशी."

पुढच्या खोलीत डब्याचे हिरवे दिवे शांत जळत असतील. इथे निळा लुकलुकत होता. ऑपरेटरांनी ओठ पुसले.

"मी येतो तिकडे," ते म्हणाले. "आजच निघतो. संध्याकाळची गाडी मिळेल."

"अगबाई! खरं की काय?" मनीचा चेहरा लहानपणी उजळायचा तसा उजळला. "किती महिने मागे लागलेय तुमच्या! आणि गुडघा?"

"गुडघा येईल माझ्याबरोबर. त्याला इथे कोण बघणार?"

"आणि संकोच?"

"तो ठेवतो इथेच. मने, ऐक. तू तोवर शेजारी जाऊन बस. शेजारच्या बाई आहेत ना, त्यांच्याकडे. मी पोचेपर्यंत."

"कशाला? त्या झोपल्या असतील आता."

"मी सांगतोय म्हणून."

"बाबा, उगाच घोर नका लावून घेऊ जिवाला." ती फडक्याला हात पुसत टेबलापाशी आली आणि त्या खुर्चीच्या पाठीवर सहज हात ठेवून उभी राहिली. पाठीच्या बरोबर वर नाही. थोडा पुढे, थोडा वर, जिथे नुसती हवा होती. तिथे तिचा हात टेकला आणि राहिला. "तुम्ही या, मला हवेच आहात. पण पहिल्यासारखी भीती नाही वाटत आता. खरंच. मघापासून तर मुळीच एकटं वाटत नाहीये."

ऑपरेटरांनी काचेवर, त्या हाताच्या जागी, बोट ठेवलं.

"निघा मग! गाडी चुकेल," मनी म्हणाली. "ठेवा तो लॅपटॉप मिटून. माझी काळजी करू नका, मी काही एकटी नाहीये."

पिशवी भरायची होती, दाराला कुलूप लावायचं होतं. ऑपरेटरांनी झाकणावर दोन्ही हात ठेवले. उस्तादांनी शिकवलं होतं त्याप्रमाणे ते पाडायला हवं होतं. लेकीकडे जायचं, तर पाडावंच लागणार होतं. पण चित्र अडकलेलं नव्हतं. चित्र स्वच्छ होतं, चालू होतं, आणि त्यात मनी हसत त्यांना हात हलवत होती. आणि तिचा दुसरा हात, हवेत टेकलेला, मंद लयीत वरखाली होत होता, जसा कुणाच्या तरी श्वासावर ठेवलेला असावा.